फायब्रॉइड आणि खाणंपिणं: गाठ खरंच कोणाची कमी झाली आहे का?

चिंचगुळ | ३ फेब्रुवारी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

वय ४४, नाशिक, बँकेत नोकरी, मुलगा बारावीला. गेलं वर्षभर पाळी सात-आठ दिवस चालते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर काउंटरवरून उठायची भीती वाटते, खुर्चीवर काळी ओढणी घडी करून ठेवलेली असते. सोनोग्राफीत निघालं: गर्भपिशवीच्या मागच्या भिंतीत इंट्राम्युरल फायब्रॉइड, ५.१ × ४.६ × ४.२ सेमी. एचबी (हिमोग्लोबिन) ८.४. पहिल्या डॉक्टर म्हणाल्या, मूल झालंय ना, मग पिशवी ठेवून करायचंय काय, काढून टाका. दुसऱ्या म्हणाल्या घाई नाही, गोळ्या देते, सहा महिन्यांनी परत बघू. आणि घरी जाऊबाईंचा व्हॉट्सॅप: दूध, मैदा, साखर, गहू, सोयाबीन, वांगं बंद, रोज रात्री पोटावर एरंडेलाच्या पट्ट्या, तीन महिन्यांत गाठ विरघळते. वांग्याचं काय चुकलं ते कळलं नाही.

तर प्रश्न सरळ आहे. खाण्यापिण्यात, व्यायामात बदल करून कोणाची गाठ खरंच कमी झाली आहे का? ऐकीव नको, स्वतःचं सांगा प्लीज.

खडीसाखर | ३ फेब्रुवारी
सेम पिंच. माझ्या तीन आहेत. वाचतेय.

रानजाई | ३ फेब्रुवारी
माझी झाली. ६ सेमीची ५ झाली, आठ महिन्यांत. मी काय केलं ते लिहिते, ज्याला पटेल त्याने घ्यावं. दूध आणि चहा बंद, गहू बंद करून ज्वारी-नाचणी, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, रोज पाऊण तास चालणं (आमच्या इथे सांगलीत घाटावर), जवसाची चटणी रोज एक चमचा, पालेभाजी रोज. बाहेरचं खाणं महिन्यातून एकदा. वजन ७४ चं ६७ झालं. डॉक्टर म्हणाल्या चालू ठेवा. आता कोणी म्हणेल योगायोग, म्हणू देत.

उंडगा | ३ फेब्रुवारी
पुरुष आयडी आहे, बायकोसाठी वाचतोय. इथे लिहिलं तर चालेल ना?

खडीसाखर | ३ फेब्रुवारी
चालेल, फक्त 'आमच्या काळी असं नव्हतं' हे वाक्य लिहायचं नाही.

बेरजेचीबाई | ४ फेब्रुवारी
रानजाई, तुमच्या मेहनतीला सलाम, सात किलो म्हणजे खायचं काम नाही. पण आकड्यांबद्दल दोन गोष्टी बोलतेच, पोटात राहत नाहीत.

एक म्हणजे ६ ची ५ ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाठ गोल असते, आकारमान काढलं तर ते चाळीस टक्क्यांच्या वर कमी झालं. म्हणजे तुम्ही उलट कमीच सांगताय. पण त्याच हिशोबाने मोजणाऱ्याचा हात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाला की आकारमानात मोठा फरक दिसतो. दोन्ही वेळा एकच सेंटर होतं का, एकच डॉक्टर होते का?

दुसरं म्हणजे या गाठी मनाने वाढतात आणि मनाने कमीही होतात. २००८ मध्ये अमेरिकेत ७२ बायकांच्या २६२ गाठींवर एमआरआयने लक्ष ठेवलं होतं. सहा महिन्यांत मधली वाढ ९ टक्के, पण एका टोकाला गाठ ८९ टक्के आक्रसली आणि दुसऱ्या टोकाला १३८ टक्के वाढली. एकाच बाईच्या पिशवीतली एक गाठ वाढतेय आणि शेजारची कमी होतेय असंही दिसलं. आता त्या दोन्ही गाठींना जेवण तर एकाच ताटातून मिळत होतं ना?

रानजाई | ४ फेब्रुवारी
सेंटर वेगळं होतं, मान्य. पण म्हणजे मी आठ महिने केलं ते सगळं फुकट असं म्हणायचंय का?

बेरजेचीबाई | ४ फेब्रुवारी
अजिबात नाही. गाठीचं श्रेय कोणाला द्यायचं एवढाच वाद आहे. सात किलो तुमचेच, त्यावर कोणी हक्क सांगणार नाही.

सावळीतली डॉक्टर | ४ फेब्रुवारी
मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, रेडिओलॉजीत आहे, म्हणजे तुमच्या गाठी मोजणारी ती मीच :) त्यामुळे बेरजेचीबाईंच्या पहिल्या मुद्द्याला अनुमोदन. मीच सकाळी मोजलेली गाठ संध्याकाळी मोजली तरी मिलिमीटर-दोन मिलिमीटर फरक येतो. शक्यतो त्याच ठिकाणी, पाळी संपल्यावर लगेच, जुना रिपोर्ट बरोबर घेऊन जा. लोक जुना रिपोर्ट घरी ठेवून येतात आणि विचारतात वाढली का हो.

पण चिंचगुळ, खरी गोष्ट वेगळीच आहे. सगळे सेंटिमीटर विचारतात, जागा कोणी विचारत नाही. पिशवीच्या आतल्या अस्तराखाली असलेली दीड-दोन सेमीची सबम्युकस गाठ बाईला रक्तबंबाळ करते आणि बाहेरच्या बाजूला असलेली सात सेमीची सबसीरस गाठ कित्येकींना आयुष्यभर कळतही नाही, फार तर लघवीला सारखं जावं लागतं नाहीतर बद्धकोष्ठ होतं. तुमची इंट्राम्युरल आहे, म्हणजे भिंतीच्या आत. ती आतल्या अस्तराला दाबतेय का, हे रिपोर्टमध्ये लिहिलंय का बघा.

आणि या गाठी फार कॉमन आहेत. पन्नाशीपर्यंत सत्तर टक्के बायकांच्या पिशवीत लहानमोठी गाठ सापडते, बहुतेकींना त्रास शून्य. कॅन्सरची भीती मनात असेल तर तो फार विरळा. मात्र पाळी कायमची गेल्यावर गाठ वाढायला लागली किंवा परत रक्त दिसलं, तर थांबायचं नाही. चाळिशीपुढे कधीही, कसंही ब्लीडिंग होत असेल तर सगळं गाठीवर ढकलू नका, अस्तराचीही तपासणी करून घ्या.

मृगाचा किडा | ४ फेब्रुवारी
आमच्या डॉक्टर सगळं फळांत सांगतात. "लिंबापेक्षा मोठी, मोसंबीपेक्षा लहान." नवरा म्हणाला म्हणजे चिकू. तेव्हापासून घरात चिकू आणला की मुलगी विचारते, आई हा तुझा का.

खडीसाखर | ४ फेब्रुवारी
आमच्याकडे तर रिपोर्टवर '१४ वीक साइज युटेरस' (म्हणजे गाठींनी पिशवी १४ आठवड्यांच्या गरोदर बाईएवढी झालीय) लिहिलेलं सासूबाईंनी वाचलं. वय वर्षं ४६ माझं. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं आणि गेलं ते मी जन्मात विसरणार नाही.

उंडगा | ५ फेब्रुवारी
ओके लिहितो. थोडं लांब आहे.

माझ्या बायकोला दोन वर्षांपूर्वी बर्फ खायचं वेड लागलं. म्हणजे शब्दशः. रात्री अकरा वाजता फ्रीजरचा ट्रे उपटायचा आणि कडाकडा चावत बसायचं, पावसाळ्यातसुद्धा. मी चेष्टा करायचो. मग तिने मोहरीच्या डब्याशेजारचे कच्चे तांदूळ चघळायला सुरुवात केली. तिची आई म्हणाली दिवस गेलेत का बघा. डोंबिवलीला पुलाच्या पायऱ्या चढताना मधेच कठड्याला धरून उभी राहायची, म्हणायची गर्दी आहे. गर्दी तर रोजचीच. एक दिवस लेडीज डब्यात चक्कर येऊन पडली, बायकांनी उतरवून घेतली. एचबी ६.२.

तोपर्यंत आम्हाला फायब्रॉइड हा शब्द माहीत नव्हता असं नाही. माहीत होता. वर्षभरापूर्वीच रिपोर्ट आला होता आणि आम्ही 'नॅचरली' करत होतो. तिचं डाएट अगदी काटेकोर, सकाळी गव्हांकुराचा रस, संध्याकाळी बीट-गाजर. गाठ किती झाली हे दर चार महिन्यांनी बघत होतो, रक्त एकदाही तपासलं नाही. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं, नंतर शिरेतून लोहाचं सलाइन, ते काळपट तपकिरी असतं, बाटली बघूनच मला कसंतरी झालं. आणि गंमत म्हणजे दोन आठवड्यांत बर्फ खाणं आपोआप बंद. डॉक्टर म्हणाल्या लोह कमी झालं की असल्या वासना होतात, बर्फ, तांदूळ, खडू, माती.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, गाठीकडे बघता बघता बाईकडे बघायचं राहतं.

चिंचगुळ | ५ फेब्रुवारी
उंडगा, अंगावर काटा आला. मी ओल्या कुंडीचा वास घेत उभी असते रोज सकाळी, झाडांना पाणी घालताना. मला वाटायचं मी निसर्गप्रेमी आहे.

बेरजेचीबाई | ५ फेब्रुवारी
चिंचगुळ, ८.४ ला निसर्गप्रेम नसतं हो. गोळ्या चालू केल्यात का?

चिंचगुळ | ५ फेब्रुवारी
डॉक्टरांनी दिल्यात, पण पोट बिघडतं म्हणून अधूनमधून घेते. चहाबरोबर, सकाळी.

तांबडा पांढरा | ५ फेब्रुवारी
अरारारा! चहाबरोबर लोहाची गोळी म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. चहातल्या टॅनिनमुळे लोह शरीरात फार कमी शिरतं. कॅल्शियमची गोळी आणि दूधही त्याच वेळी नको. मध्ये दोन तास सोडा. लिंबूपाणी नाहीतर आवळा घ्या बरोबर, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या, मला तसंच दिलं होतं, शोषण उलट बरं होतं म्हणाल्या. आणि शी काळी झाली की घाबरू नका, ती होतेच.

खाण्याचं म्हणाल तर बीट हा मोठा फसवा गडी आहे. रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं कोणीतरी ठरवून टाकलंय. गुळाचंही तेच, चहात खडाभर गूळ टाकून एचबी वाढत नसतं. त्यापेक्षा अळीव, राजगिरा, हरभऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, मसूर, मटकी, काळे तीळ, आणि सगळ्यावर लिंबू पिळायचं. लोखंडी कढईत आमसूल-चिंच घातलेली आमटी किंवा टोमॅटोची भाजी करा, आंबट पदार्थात लोह चांगलं उतरतं. भाजी जरा काळी दिसते, घरचे नाक मुरडतात, मुरडू देत. रात्रभर मात्र त्यात ठेवू नका. आणि मांसाहार करत असाल तर कलेजी. प्राण्यातलं लोह डाळी-भाज्यांतल्यापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं. मी कोल्हापूरची, त्यामुळे हा सल्ला मनापासून.

मृगाचा किडा | ५ फेब्रुवारी
पण मटणाने फायब्रॉइड वाढतात ना? कुठेतरी वाचलंय.

बेरजेचीबाई | ६ फेब्रुवारी
ते इटलीतलं आहे, १९९९ चं. ८४३ फायब्रॉइडवाल्या आणि १,५५७ बिनफायब्रॉइडवाल्या बायकांना काय खाता विचारलं. गाठवाल्या गोमांस, इतर लाल मांस आणि हॅम जास्त खाणाऱ्या निघाल्या, हिरव्या भाज्या, फळं आणि मासे कमी. आता यातून मटणाने गाठ होते हे सिद्ध होत नाही. मटण जास्त खाणारी बाई पालेभाजी कमी खात असेल, वजन जास्त असेल, काहीही असेल.

तांबडा पांढरा | ६ फेब्रुवारी
म्हणजे मटणाने गाठ वाढते आणि मटणानेच एचबी वाढतं. कोल्हापूरकरांनी करायचं काय, वाटीत बघून रडायचं?

पेडणेकरीण | ६ फेब्रुवारी
नुस्तें खायचं! त्याच इटलीवाल्यांनी माशाला पास केलंय ना. मी म्हापशाची, आमच्याकडे बांगडा-तारले असल्या तेलकट माशांत डी जीवनसत्त्वही असतं, आणि फायब्रॉइडचा डी शी संबंध आहे असं माझ्या डॉक्टरनी सांगितलं, तपासलं तर माझं ९ निघालं. नऊ! समुद्राच्या काठावर राहून! आठवड्याला एक अशी साठ हजार युनिटची पुडी दिली आठ आठवडे, दुधातून.

बेरजेचीबाई | ६ फेब्रुवारी
डी चं जरा बऱ्यापैकी आहे. वॉशिंग्टनमधल्या हजारावर बायकांचं रक्त तपासलं होतं, २०१३ मध्ये छापून आलं. डी पुरेसं असणाऱ्यांत फायब्रॉइड असण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी कमी. पण हेही 'बरोबर आढळलं' एवढंच. डी घेतल्यावर असलेली गाठ विरघळते असं त्यात नाही. तपासा, कमी असेल तर डॉक्टर देतील तेवढंच घ्या. मनाने पुड्या खात सुटू नका, डी अंगात साठून राहतं.

पेडणेकरीण | ६ फेब्रुवारी
आणि बीअरचं काय? मैत्रिणीसाठी विचारतेय.

खडीसाखर | ६ फेब्रुवारी
मैत्रिणीला सांगा बीअरही यादीत आहे. एका अमेरिकन पाहणीत बीअर पिणाऱ्यांत फायब्रॉइड जास्त निघाले होते.

पेडणेकरीण | ६ फेब्रुवारी
मैत्रीण धागा सोडून गेली.

जर्सीची जाई | ७ फेब्रुवारी
मी न्यू जर्सीहून. इथे ग्रीन टीच्या कॅप्सूलचं फार फॅड आहे. त्यामागे एक प्रयोग खरा आहे, २०१३ चा, ३३ बायका, चार महिने. ग्रीन टीचा अर्क रोज ८०० मिग्रॅ घेणाऱ्यांच्या गाठी सरासरी एक तृतीयांशाने कमी झाल्या, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्या वाढल्या. मीही लगेच ऑर्डर केलं. मग माझ्या डॉक्टरने विचारलं, लिव्हर एन्झाइम्स कधी केल्या? या अर्काच्या मोठ्या डोसाने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. ३३ बायकांवर विसंबून मी लिव्हर पणाला लावणार नाही असं ठरवलं. साधा ग्रीन टी पिते, जेवणापासून लांब.

सोयाचं विचाराल तर दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत, मोठ्या बायकांनी टोफू खाल्ल्याने गाठ वाढते असा ठोस पुरावा मला तरी कुठे दिसला नाही. दुधाचंही तेच. उलट दही-ताक बंद करून हाडांची वाट लावू नका.

आणि वैद्य-हकिमांच्या काळ्या गोळ्यांबद्दलही लिहितेच. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली होती, पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं.

रानजाई | ७ फेब्रुवारी
आला का आयुर्वेद लगेच रडारवर. इंटरनेटवरून मागवलेलं आणि वैद्यांनी नाडी बघून दिलेलं एकच का?

सुंठीवाचून | ७ फेब्रुवारी
मी रीतसर वैद्यांकडे दीड वर्ष कांचनार गुग्गुळ घेतलंय. गाठ वाढली नाही, कमी झाली नाही. पोट मात्र जन्मात साफ होत नव्हतं ते व्हायला लागलं. मी त्यालाच फायदा मानते. वैद्य स्वतः म्हणाले, गाठ सहाच्या वर गेली किंवा रक्त कमी झालं की माझ्याकडे येऊ नका, तिकडे जा. असा माणूस भेटला तर जरूर जा. "ऑपरेशन करणारे लुटारू आहेत" म्हणणारा भेटला तर चप्पल घाला आणि निघा.

रानजाई | ७ फेब्रुवारी
हे पटलं.

कोयता | ८ फेब्रुवारी
मी सहसा लिहीत नाही. बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. पहिल्या पोस्टमधलं "पिशवी ठेवून करायचंय काय" वाचलं आणि राहवेना.

आमच्याकडे ऊसतोडीला जोडीने जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. फडावर ना संडास ना पाणी, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. अशा बाईच्या अंगावरून पांढरं गेलं, पोटात दुखलं की दवाखान्यात सांगणार पिशवीला सूज आहे, गाठ आहे, कॅन्सर होईल. ती पंचवीस-तिशीची बाई कर्ज काढून पिशवी काढून येते आणि पुढच्या हंगामाला परत फडावर. २०१९ मध्ये हे पेपरात आलं, सरकारने समिती नेमली. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धची नियमावली लागू करायला सांगितली.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी काढून आली. आता चाळीस आहे, पाठ, सांधे, घामाच्या उकळ्या, रात्री झोप नाही. मी एकदा विचारलं गाठ केवढी होती. म्हणाली, गाठ होती का नव्हती ते कागद तर त्यांच्याकडंच राहिलं ताई.

डाएट वगैरे नंतर. आधी कागद स्वतःकडे ठेवा, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. चिंचगुळने दाखवलं, बरं केलं.

उंडगा | ८ फेब्रुवारी
_/\_

सांजवात५२ | ९ फेब्रुवारी
कोयता यांचं सगळं खरं. आता दुसरी बाजू, कारण मी पिशवी काढून टाकली आणि मी सुखात आहे. कोणी मारायला येऊ नका.

तीन वर्षं मी सगळं केलं. गहू सोडला, दूध सोडलं, कोणा बाईंच्या सांगण्यावरून पंधरवड्याला बिया बदलून खाल्ल्या, आधी जवस-भोपळा, मग तीळ-सूर्यफूल. तेल चोळलं, लंघन केलं. माझी गाठ ८ होती ती ११ झाली, आणि बरोबर दोन बारक्या. रात्री चारदा लघवीला उठायचं. मुलीच्या साखरपुड्यात मी पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभी होते, फोटोत एकाही ठिकाणी मी बसलेली नाही. बसले असते तर उठताना काय दिसलं असतं या भीतीने. आणि दर महिन्याला अपराधी वाटायचं, आपणच काहीतरी चुकीचं खाल्लं असणार, परवा लग्नात जिलबी खाल्ली म्हणून असणार. हे सगळ्यात वाईट. गाठ एक तर होतीच, वर तिचा आळही माझ्यावरच.

४९ व्या वर्षी दुर्बिणीतून काढली, अंडाशयं ठेवली. दोन दिवस दवाखाना, सहा आठवडे जड उचलायचं नाही. आज जिने चढते, पांढरी साडी नेसते. मला वाईट एवढंच वाटतं की तीन वर्षं उशीर केला.

खडीसाखर | ९ फेब्रुवारी
पांढरी साडी वाचून डोळ्यात पाणी आलं. बाकीच्यांना कळणार नाही.

सावळीतली डॉक्टर | ९ फेब्रुवारी
सांजवात, छान लिहिलंत. फक्त 'नुसता डाएट' आणि 'पिशवी काढणं' यांच्या मध्ये बरंच काही आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून थोडक्यात. पाळीच्या त्या तीन-चार दिवसांपुरती ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी, रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो, ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झालीय त्यांना मात्र नाही. हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवतात, गाठीने पिशवीचा आकार बिघडला नसेल तर चांगली चालते. फक्त गाठ काढून पिशवी ठेवता येते. गाठीची रक्तवाहिनी बंद करणारं एम्बोलायझेशन आमच्याच शाखेतले लोक करतात, मांडीतून किंवा मनगटातून तार घालून. आणि पाळी जायची वाट बघणं हाही उपाय आहे, आपल्याकडे ती साधारण ४६-४७ ला जाते, त्यानंतर बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात. चिंचगुळ ४४ च्या आहेत म्हणजे वाट बघण्यात अर्थ आहे, पण ८.४ एचबीवर बसून नव्हे.

एका तासात एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास सलग झालं, किंवा उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी येतेय, तर धागा वाचत बसू नका, दवाखान्यात जा.

मृगाचा किडा | १० फेब्रुवारी
किती रक्त जातंय हे कळायला मी पाळीचा कप वापरायला लागले, त्यावर रेघा असतात. पहिल्या महिन्यात लिहून ठेवलं: दुसरा दिवस ९० मिली. डॉक्टरांना "खूप जातं हो" म्हणत होते तेव्हा त्या नुसत्या मान हलवायच्या. वहीतला आकडा दाखवला तर खुर्चीत सरळ बसल्या. सगळ्या पाळीत मिळून ८० च्या वर म्हणजेच जास्त धरतात म्हणे.

उंडगा | १० फेब्रुवारी
अवांतर: मी अळिवाचे लाडू करायला शिकलोय. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवा, दुप्पट-तिप्पट फुगतात, मग ओलं खोबरं आणि गूळ. पहिल्यांदा मी कोरडेच भाजून पाक केला, ते लाडू अजून दाराला अडसर म्हणून वापरतो.

तांबडा पांढरा | १० फेब्रुवारी
जायफळ राहिलं.

चिंचगुळ | २१ जुलै
धागा वर काढतेय. साडेपाच महिने झाले, अपडेट द्यायचं कबूल केलं नव्हतं तरी देते.

त्याच सेंटरला, पाळी संपल्यावर, जुना रिपोर्ट हातात घेऊन गेले. गाठ ४.८ × ४.५ × ४.२. मी बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत जाऊबाईंना फोन करणार होते, मग बेरजेचीबाई आठवल्या आणि फोनवर गुणाकार केला. पूर्वी ५१ सीसी, आता ४७. म्हणजे मोजणाऱ्या ताईंचा हात म्हणायचा. जिथे होती तिथेच आहे. अस्तराला दाबत नाहीये, तेही विचारून आले.

पण एचबी ८.४ चं ११.७. गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर, एक दिवसाआड, चहा सकाळी दोनच्या ऐवजी एक. पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक. चालणं आठवड्यातून चार दिवस, पावसाने तीन. वजन अडीच किलो उतरलं, गुडघे खूश. गहू सोडला नाही, पोळीशिवाय मी माणसात राहत नाही. वांगंही खाते. ज्वारी आणि पालेभाजी वाढली, बद्धकोष्ठ गेलं, त्याने पोटातलं ते जड-जड वाटणंही बरंच गेलं, मला वाटायचं ते सगळं गाठीचंच आहे.

कुंडीच्या मातीचा वास आता नुसता मातीचा वास वाटतो. गेल्या सोमवारी, दुसरा दिवस होता आणि काउंटरवर गर्दी होती, साहेबांनी आत बोलावलं आणि मी ताडकन उठून गेले. आत गेल्यावर लक्षात आलं की मागे वळून खुर्ची बघितली नाही.

रानजाई | २१ जुलै
अभिनंदन गं! माझी परत मोजली, त्याच सेंटरला यावेळी. ५.२. बेरजेचीबाई, काही बोलू नका.

बेरजेचीबाई | २१ जुलै
काही बोलले का मी? वजन किती?

रानजाई | २१ जुलै
६६.

बेरजेचीबाई | २१ जुलै
मग झालं तर.

नवीन_सभासद_श्रावणी | २ ऑगस्ट
हाय ऑल, धागा पूर्ण वाचला नाही सॉरी, घाईत आहे. वय ३८, ७ सेमीचा फायब्रॉइड निघालाय, खूप टेन्शन आलंय. गाठ कमी व्हायला काय खाऊ? आणि काय बंद करू?

उंडगा | २ ऑगस्ट
श्रावणी, आधी एचबी किती आहे ते सांगा. आणि बर्फ खावासा वाटतो का?